शंकर, घोडा आणि पृथ्वीचा गोळा : रस्त्यावरची लक्षणा

आत्याने फोनवर सांगितलेला पत्ता असा होता : "स्टेशनवरून रिक्षा कर, लहरीपुऱ्याला जायचंय म्हण. तळ्यातला शंकर दिसला की समज, आलंच. न्यायमंदिरापाशी उतर, दरवाज्यातून आत ये आणि हत्तीच्या पाटीच्या गल्लीत वळ. कोणालाही विचार."

मी कोणालाही विचारलं. शंकर दिसला, न्यायमंदिर दिसलं, दरवाजाही सापडला. हत्ती मात्र एकालाही माहीत नव्हता. खांद्यावर बॅग, मंगळ बाजाराची गर्दी, दोन्ही बाजूंना ओढण्या आणि चपला टांगलेल्या, आणि मी अर्धा तास हत्ती शोधतेय. शेवटी आत्याच खाली आली. मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका टपरीवर, दुसऱ्या मजल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा काय हत्ती!" तिथे चार गंजलेले खिळे होते. पत्र्यावर रंगवलेल्या हत्तीची पाटी कधी काढली म्हणून विचारलं, तर म्हणे, "तुझ्या जन्माच्या आधीच गेली की ती."

तेव्हा मी वैतागले होते. पण यंदा आपल्याला साहित्यशास्त्राचा पेपर आहे आणि त्यातलं शब्दशक्तीचं प्रकरण वाचताना तो हत्ती पुन्हा आठवला. हे प्रकरण आपल्यातले बहुतेक जण परीक्षेपुरतं घोकतात. मीही घोकलं होतं. बडोद्याच्या त्या अर्ध्या तासाने ते मला जसं कळलं, तसं इथे मांडते.

शब्दाचा सरळ, कोशातला अर्थ देणारी शक्ती ती अभिधा. तो सरळ अर्थ जुळेनासा झाला की त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. मम्मटाने लक्षणेसाठी तीन गोष्टी लागतात असं सांगितलंय : मुख्य अर्थाला बाध यायला हवा, नव्या अर्थाचा जुन्याशी काही संबंध हवा, आणि त्यामागे रूढी तरी हवी किंवा प्रयोजन तरी. याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे गंगेवरची गवळ्यांची वस्ती. पाण्यावर वस्ती कशी असेल? म्हणून गंगा म्हणजे गंगेचा काठ.

आता आत्याचं वाक्य घ्या : "संध्याकाळी सूरसागरवर भेळ खाऊ." सूरसागर हे तळं आहे, न्यायमंदिराच्या समोरच. तळ्यावर बसून भेळ खाता येत नाही, म्हणून सूरसागर म्हणजे तळ्याचा काठ. गंगेचं उदाहरण जसंच्या तसं, फक्त गवळ्यांच्या जागी भेळवाले. तळ्याच्या मधोमध शंकराची शंभर फुटांहून उंच उभी मूर्ती आहे आणि अलीकडे तिला सोन्याचा मुलामाही दिलाय. भाविकांसाठी तो देव आहे, महाशिवरात्रीला तिथे मोठी गर्दी होते. पण रिक्षावाल्याशी बोलताना तोच शंकर मैलाचा दगड होतो. आत्या रोज हात जोडते आणि रोज त्याच्यावरून पत्ताही सांगते. एकाच मूर्तीला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांना जराही अडवत नाहीत.

न्यायमंदिराची गोष्ट याहून मजेशीर. सयाजीराव महाराजांच्या काळातली, १८९६ची ही इमारत. तिथे वर्षानुवर्षं जिल्हा न्यायालय भरत असे, त्यामुळे 'न्यायमंदिर' ही सरळ अभिधा होती. २०१८ साली न्यायालय नव्या संकुलात हललं. न्याय गेला, मंदिर तर ते कधी नव्हतंच. तरी लहरीपुऱ्यात कोणीही 'जुनी कोर्टाची इमारत' म्हणत नाही. मुख्य अर्थाला बाध आला आणि रूढीने नाव सांभाळलं. लक्षणा घडताना पाहायची असेल, तर यापेक्षा ताजं उदाहरण मला माहीत नाही.

आणि काळा घोडा? आपल्या मुंबईत आहे, तसा बडोद्यातही आहे. सयाजीबागेजवळ तिसऱ्या सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे, फ्रान्सिस डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. सगळं बडोदं त्या चौकाला 'काळा घोडा' म्हणतं. मुंबईतला मूळ पुतळा जोसेफ बोहमचा, १८७९चा. त्यावर बसले होते प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड. लोकांनी त्याही राजपुत्राला नावातून वगळलं आणि घोडा ठेवला.

मुंबईपुरतं बघितलं तर वाटतं, परका राज्यकर्ता, लोकांनी मुद्दामच गाळला असेल. मलाही तसंच वाटायचं. पण बडोद्याने हा तर्क खोटा ठरवला. सयाजीराव बडोदेकरांना परके नाहीत. १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणणारे, गावोगावी वाचनालयं काढणारे महाराज. आत्याच्या घरात आजही त्यांचा फोटो आहे. तरी त्यांच्या पुतळ्यापाशी उतरायचं असलं की ती म्हणते, "काळ्या घोड्याला थांबव रे भाऊ." यात राग नाही की अनादरही नाही. लांबून जे आधी डोळ्यांत भरतं, त्याचं नाव पडतं. घाईत बोलणारी जीभ फार विचार करत नाही. भायखळ्याला कर्सेटजी माणेकजींचा पुतळा आहे. उड्डाणपुलांच्या मधे अडकलेल्या त्या गृहस्थांना मुंबई 'खडा पारशी' म्हणते. ते उभे आहेत आणि पारशी आहेत, एवढंच लोकांनी पाहिलं.

मुंबईचा घोडा १९६५ साली हलवून राणीच्या बागेत नेला. पुढची ५२ वर्षं घोडा नसलेल्या जागेला लोक काळा घोडा म्हणत राहिले, बस थांबत राहिल्या, १९९९पासून त्या नावाचा कलामहोत्सवही सुरू झाला. मग २०१७ साली तिथे पुन्हा काळा घोडा उभा राहिला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. काहींना हा घोडा अपुरा वाटतो. मला तो फार आवडतो. आधी पुतळ्यावरून नाव पडलं होतं, नंतर नावावरून पुतळा घडला. नावात राजा नव्हता, म्हणून पुतळ्यातही नाही. आपण रोजच्या बोलण्यात वापरलेल्या एका लाक्षणिक शब्दाचंच ते शिल्प आहे.

हे सगळे अर्थ लोकांनी दिलेले. पण काही भव्य वस्तू अर्थ आधीच ठरवून रस्त्याकडेला उभ्या केल्या जातात. त्यांतला सगळ्यात मोठा हट्टी म्हणजे पृथ्वीचा गोल. १८५१ साली लंडनमध्ये मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा जेम्स वाइल्ड नावाच्या नकाशे विकणाऱ्याने लेस्टर स्क्वेअरमध्ये ६० फुटांहून अधिक व्यासाचा गोल उभारला. गंमत म्हणजे तो उलटा होता : डोंगर-समुद्र आतल्या भिंतीवर, आणि लोक पोटात शिरून जिने चढत जग बघत. १८६२ साली तो पाडला. न्यूयॉर्कच्या १९६४च्या जागतिक मेळ्यासाठी बांधलेला 'युनिस्फिअर' स्टेनलेस स्टीलचा, १२ मजले उंच. मेळा संपला, गोल अजून तिथेच आहे. या गोलांची अभिधा एवढीच की ही पृथ्वी. व्यंजना मात्र मोठी : जग आम्ही मोजलंय, जग आमच्याकडे आहे, या आणि बघा. अभिधा आणि लक्षणेपलीकडे जे सुचवलं जातं ती व्यंजना, हे पेपरात लिहायला विसरू नका.

मला यांतला सगळ्यात जवळचा वाटतो तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा, स्वॉनेजचा दगडी गोल. जॉर्ज बर्ट या कंत्राटदाराने १८८७ साली बसवलेला. व्यास १० फूट, वजन ४० टन. बर्टला माणसांची खोड चांगली माहीत असावी. गोलावर लोक आपली नावं कोरणार हे ओळखून त्याने शेजारी दोन कोरे दगड लावले : ज्यांना नाव लिहिल्यावाचून राहवत नाही त्यांनी या दगडांवरच लिहावं. आपल्या किल्ल्यांच्या तटांवर बदामात कोरलेली नावं बघितली की हा माणूस आठवतो. सगळ्या जगाचा गोल समोर असतानाही माणसाला त्यावर आपलं नाव हवं असतं.

आपल्याकडच्या चौकांतही लोखंडी पट्ट्यांचे गोल दिसतात. उभारणाऱ्याच्या मनात विश्व असतं. मला खात्री आहे, रिक्षावाल्याच्या तोंडी त्याचा 'गोळा' होतो : "गोळ्यापाशी सोडू का?" आपणही वेगळं काही करत नाही. वांद्र्यात आपल्यातले किती जण 'क्रॉसपाशी' भेटतात! तिथले बरेचसे रस्त्यावरचे क्रूस १८९६च्या प्लेगच्या साथीनंतरचे, लोकांनी जीव मुठीत धरून उभारलेले. आपण त्यांच्यापाशी उभं राहून रिक्षा बोलावतो.

आता पुन्हा हत्तीकडे. मुंबईचा घोडा ५२ वर्षं नसूनही जगला, न्यायमंदिर न्यायालयावाचून चाललंय, मग हत्ती का मेला? रूढीला बोलणारी माणसं लागतात, आणि हत्ती बोलणारी माणसं एका गल्लीतलीच होती. आत्याच्या चाळीतली जुनी मराठी घरं कमी झाली. मुलं पुण्याला, परदेशात गेली, काही नव्या सोसायट्यांत. नवे दुकानदार आले, त्यांच्या पाट्या आल्या. मी ज्या लोकांना विचारलं त्यांची काही चूक नव्हती. आत्याच्या वाक्यात मुख्यार्थाला बाध होता, संबंधही होता. रूढी तेवढी संपली होती, आणि हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन बसले. आत्या पत्ता सांगताना जी जी नावं घेते ती सगळी लिहून काढली, समोर त्या जागी आता काय आहे तेही. एकूण २३ झाली. त्यांतली नऊ दाखवायला आता काहीच उरलेलं नाही, आणि तीन कुठे होती हे आत्यालाही नक्की सांगता येईना. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "हत्ती पहिल्या नंबरावर लिहिलायस ना?"

तेवढ्यात आतेभावाचा आठ वर्षांचा मुलगा खालून धावत आला. त्याने आयुष्यात कोर्ट पाहिलेलं नाही. म्हणाला, "आजी, पप्पांनी सांगितलंय, न्यायमंदिराला पार्किंग मिळालं, खाली ये."

मंडळाच्या पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाकडून अशा पाच जागांची नावं लिहून आणा. शक्य असेल तर त्यांच्याबरोबर त्या जागी जाऊनच लिहा.