पाण्याचा स्वभाव ओळखून वाग : हरमलच्या आजीचे कानमंत्र

बाय, घरचा कारभार आणि मागच्या खोल्यांत उतरणारे पाहुणे आता तुझ्या हाती आले. हरमलात राहायचं म्हणजे दिवसभर पाणी, वाफ आणि मीठ यांच्याशी गाठ. स्थायू, द्रव, वायू हे तू शाळेत शिकलीस. त्यातलं घरात आणि किनाऱ्यावर रोज लागतं तेवढंच मी सांगते. दोन गोष्टी मनात पक्क्या धर. रूप पालटताना पदार्थ उष्णता घेतो किंवा सोडतो. आणि जड ते खाली बसतं, हलकं ते वर राहतं, वाहणारं सोपी वाट धरतं. पुढचं सगळं यातूनच निघतं.

पेटत्या तेलावर पाणी ओतू नको. पाणी तेलापेक्षा जड. ते कढईच्या तळाशी जातं आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते, म्हणून ती पेटतं तेल वर उडवते. आच बंद कर, कढईवर झाकण सरकव, आणि पुरती गार होईपर्यंत तिला हात लावू नको. पेजेच्या टोपाचं झाकणही आपल्यापासून लांबच्या बाजूने उघडावं. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण कातडीवर तिचं पाणी होताना ग्रॅममागे ५४० कॅलरी उष्णता ती तिथेच सोडते.

गॅसचा वास आला तर दारं उघड. सिलिंडरात दाबाखाली द्रव असतो, बाहेर पडला की त्याचा वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो फरशीवर आणि ओट्याखाली साचतो. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. रेग्युलेटर बंद कर. दिव्याचं बटण लावू नको आणि बंदही करू नको. माणसांना बाहेर काढ आणि बाहेरूनच १९०६ ला फोन लाव.

पाण्याचं मडकं वाऱ्याच्या वाटेवर ठेव. मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता ती आतल्या पाण्यातून घेते. कोंदट कोपऱ्यात हे काम थांबतं. पावसाळ्यात हवाच ओलाव्याने भरलेली असते, म्हणून तेव्हा मडकं फारसं गार करत नाही. त्यात मडक्याचा दोष नाही. मडकं साबणाने घासू नको, काथ्याने आणि साध्या पाण्याने घास. छिद्रं बुजली की गारवा गेला.

खडेमीठ निथळल्याशिवाय बरणीत भरू नको. आपल्या पेडण्यात आगरवाड्याला मिठागरं आहेत, ती एकदा नीट बघून ये. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ऊन-वाऱ्याने ते पाणी आटून दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरू लागतं. आटणं होतं पृष्ठभागावरून, म्हणून मिठागराचे कप्पे पसरट आणि उथळ. शेवटी उरणारं कडवट पाणी आटवायचं नसतं, सोडून द्यायचं असतं. त्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि पावसात मीठ पाझरतं. घरी आणलेलं मीठ आधी टोपलीत उंचावर ठेव, खाली भांडं ठेव, कडू पाणी गळू दे. मगच बरणी भर.

समुद्रात शांत दिसणाऱ्या पट्ट्यापासून पाहुण्यांना दूर ठेव. लाटांनी किनाऱ्याला आणलेलं पाणी परत जाणारच. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जिथे खिंड असते तिथून, किंवा खडकांच्या कडेने, ते जोरात बाहेर धावतं. त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी गढूळ दिसतं आणि फेस समुद्राकडे जाताना दिसतो. नवख्याला नेमकी तीच जागा बरी वाटते. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, त्यात दम संपतो. अंग तरंगतं ठेवावं, हात वर करून हाक द्यावी, आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावं. ही ओढ रुंदीला बेताची असते. गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या कंपनीचे जीवरक्षक २००८ पासून आहेत. लाल झेंडा दिसला तर कोणाचंही ऐकू नको, पाहुण्याला पाण्यात सोडू नको. पावसाळ्यात तर नाहीच.

गोड्या तळ्यात जपून पोहायला सांग. खडकांपलीकडच्या तळ्याला लाटा नाहीत, म्हणून लोक निर्धास्त होतात. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा हजारात पंचवीस भागांनी जड असतं, त्यामुळे समुद्र माणसाला जास्त उचलून धरतो. समुद्रात सहज तरंगणारा तळ्यात अधिक बुडतो आणि लवकर थकतो. दारू प्यालेल्याला तिकडे पाठवूच नको.

विहिरीतून सावकाश पाणी काढ. हे सगळ्यांत मोलाचं. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. त्याच पंचवीस भागांच्या फरकाचा हिशेब हॉलंडचे घायबेन आणि जर्मनीचे हर्झबर्ग यांनी वेगवेगळा मांडला : समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं. म्हणून वरची पातळी कायमची फूटभर उतरली, तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढू शकतं. खोल्या भरल्या की मोठा पंप लावून विहीर उपसायचा मोह होईल. तसं करू नको. लहान पंप, थोडा वेळ, मग झरे भरू देत. उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून विहीर खोल खणू नको, खारं पाणी खालीच बसलेलं आहे. चव मचूळ लागली त्याच दिवशी उपसा थांबव. अंगणात सगळीकडे फरशी घालू नको, छपराचं पाणी जमिनीत मुरव. खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जाऊ शकतात. आणि वाळूत शेजाऱ्यांचं पाणी आपल्या पाण्याला जोडलेलं असतं, तू एकटी जपून उपयोग नाही. पंप कोणी किती वेळ लावायचा हे वाड्यावरच्या सगळ्यांसोबत बसून ठरव, आणि शिमगा सरायच्या आत ठरव.