भुयारी मार्ग आणि पाणी : जपानचा अनुभव व महाड-पोलादपूर

डोंगर पोखरून मार्ग काढणे ही कोकणाला आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १९९८ साली संपूर्ण खुली झालेली कोकण रेल्वे नव्वदांहून अधिक बोगद्यांतून धावते. महाड तालुक्यातील वीर, करंजाडी व विन्हेरे ही स्थानके याच मार्गावर आहेत. पोलादपूर व खेड या तालुक्यांच्या दरम्यान, कशेडी घाटास पर्याय म्हणून, मुंबई-गोवा महामार्गाचे जुळे बोगदे झाले असून घाटातील सुमारे पाऊण तासाची वळणावळणाची वाट काही मिनिटांवर आली आहे. मुंबईत कफ परेड ते आरे ही ३३.५ किलोमीटर लांबीची भुयारी मेट्रो २०२४ व २०२५ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्या २७ स्थानकांपैकी २६ स्थानके भूमिगत असून तिला जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेचे कर्जसाहाय्य लाभले आहे.

मुंबई आणि महाड या दोन्ही ठिकाणचा पाया मुख्यतः लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. हा पाषाण कठीण असला तरी अखंड नसतो. त्याच्या थरांमध्ये भेगा असतात, मध्येच तांबड्या मातीचा मऊ पट्टा येतो आणि पावसाचे पाणी याच वाटांनी खोल उतरते. खडक कापण्याचे काम यंत्रांनी सुकर केले आहे. पाण्याची व्यवस्था मात्र बोगदा पूर्ण झाल्यानंतरही अखंड चालू ठेवावी लागते. या दृष्टीने जपानचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

टोकियोतील प्रारंभ

आशिया खंडातील पहिली भुयारी शहर रेल्वे ३० डिसेंबर १९२७ रोजी टोकियो शहरात उएनो ते आसाकुसा या २.२ किलोमीटरच्या अंतरावर सुरू झाली. तिचे प्रवर्तक नोरित्सुगु हायाकावा यांनी लंडनची भुयारी रेल्वे पाहून ही कल्पना उचलली होती. रस्त्यावरून किती माणसे व वाहने जातात हे त्यांनी खिशात कडधान्याचे दाणे ठेवून स्वतः मोजले, असे सांगतात. मोठ्या कामाचा आरंभ साध्या मोजणीने होतो, हे यातून लक्षात घ्यावे.

आत येणारे पाणी

टोकियोतील अनेक स्थानकांच्या प्रवेशद्वारी प्रथम दोनचार पायऱ्या चढाव्या लागतात आणि मगच जिना खाली उतरतो. रस्त्यावर तुंबलेले पाणी सरळ आत जाऊ नये, हा त्यामागील हेतू होय. दारांत बसविण्याच्या फळ्या, पाणी अडविणारे दरवाजे आणि हवेच्या झरोक्यांची झाकणे यांचीही तेथे योजना आहे. अशी काळजी का घ्यावी लागते, याचे उत्तर फुकुओका शहरात मिळते. २९ जून १९९९ रोजी अतिवृष्टीमुळे तेथील नदीचे पाणी हाकाता स्थानकाच्या परिसरात पसरले, भुयारी रेल्वेत शिरले आणि एका तळघरात अडकलेल्या व्यक्तीचा बळी गेला.

मुंबईतही २६ मे २०२५ रोजी मुसळधार पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराजवळची संरक्षक भिंत कोसळल्याने हे घडले. म्हणजे बोगदा सुरक्षित असूनही तोंडाशी राहिलेली एक उणीव सर्व व्यवस्था बंद पाडू शकते. बोगद्याच्या तोंडावरील चर व मोऱ्या पावसाळ्यापूर्वी मोकळ्या करणे हे काम म्हणूनच क्षुल्लक मानता येत नाही.

बाहेर जाणारे पाणी

पाण्याची दुसरी बाजू अधिक विचार करावयास लावणारी आहे. टोकियो-ओसाका लोहमार्गावरील सुमारे ७.८ किलोमीटर लांबीचा तान्ना बोगदा १९१८ ते १९३४ अशी सोळा वर्षे खोदला जात होता. या कामात ६७ कामगार मृत्युमुखी पडले. बोगद्यात पाण्याचे प्रचंड लोंढे आले, ते बाहेर काढण्यात आले आणि वरच्या तान्ना खोऱ्यातील झरे आटले. ज्या गावात भातशेती मुबलक पाण्यावर चालत होती, तेथे पाणीटंचाई निर्माण झाली. रेल्वेने नुकसानभरपाई दिली. पण पूर्वीचे पाणी परतले नाही. गावकऱ्यांना कालांतराने दुग्धव्यवसायाकडे वळावे लागले.

महाड व पोलादपूर तालुक्यांतील अनेक वाड्यांची तहान डोंगरातील झऱ्यांवर भागते. पावसाळ्यात अतोनात पाऊस आणि उन्हाळ्यात टंचाई, ही येथील स्थिती सर्वपरिचित आहे. यास्तव डोंगरात कोणतेही मोठे खोदकाम होण्यापूर्वी जवळच्या विहिरी व झरे यांची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी असणे अगत्याचे आहे. आधीची नोंद नसेल, तर पाणी कमी झाले हे गावास सिद्ध करता येत नाही.

ही नोंद ठेवण्यास खर्च येत नाही. वजन बांधलेली दोरी सोडून विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दरमहा ठरावीक दिवशी मोजावे. झऱ्याखाली १५ लिटरची बादली ठेवून ती भरण्यास लागणारा वेळ पाहावा. बादली ३० सेकंदांत भरल्यास मिनिटास ३० लिटर, म्हणजे दिवसास ४३,२०० लिटर पाणी मिळते. माणशी ५५ लिटर धरल्यास ते सुमारे ७८५ लोकांना पुरेल. हेच गणित शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष झऱ्यावर करून घेतल्यास शाळेचा पाठ आणि गावाची नोंद ही दोन्ही कार्ये साधतील.

उतारावरील पाणी

तिसरे पाणी डोंगराच्या उतारात मुरणारे होय. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि सावित्रीच्या पुराने महाड शहर वेढले गेले. २००५ सालच्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर असाच प्रसंग ओढवला होता. बोगद्यामुळे घाटातील धोकादायक उतार टाळून वाहने जाऊ शकतात. परंतु उतारावरील वस्ती तेथेच राहते. जमिनीस नव्या भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अथवा थांबणे ही दरडीची पूर्वचिन्हे आहेत. ती दिसताच वस्ती हलवावी व तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे.

भुयारी मार्गाची खरी परीक्षा उद्‌घाटनानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात होत असते. तीत यश मिळविण्यासाठी अभियंत्याच्या यंत्रांइतकीच ग्रामपंचायतीची नोंदवही, मोकळी मोरी आणि दक्ष नागरिक यांचीही आवश्यकता आहे.