इंग्रजीचे पहिले धडे मराठीच्या पायावर

खेड्यातील प्राथमिक शाळेला भेट देणाऱ्या अधिकाऱ्यास एक अनुभव वारंवार येतो. चौथीतील चुणचुणीत विद्यार्थी इंग्रजी मुळाक्षरे फळ्यावर एका दमात लिहून दाखवितो. पुस्तकातील धडाही धडाधड वाचतो. मात्र समोरचे पुस्तक मिटवून त्याला एखादे साधे वाक्य इंग्रजीतून बोलावयास सांगितले की तो मान खाली घालतो. शब्द त्याला येतात, पण वाक्य जुळविता येत नाही. आणि चुकलो तर सर्वजण हसतील, ही भीती त्याहून मोठी असते.

पूर्वी मराठी शाळांतून इंग्रजीचा आरंभ पाचवीत होत असे. सन २००० च्या जूनपासून राज्यात हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. वर्षे वाढली, परंतु केवळ वर्षे वाढल्याने भाषा येत नाही. ती कशी शिकविली जाते, यावर सारे अवलंबून आहे. मुलाजवळ मराठीचे व्याकरण आधीच मुरलेले असते. त्या आधारानेच इंग्रजीचे पहिले धडे दिल्यास मार्ग पुष्कळ सुकर होतो.

चुकांमागील कारण

मुलांच्या चुका निष्काळजीपणाच्या असतात, असा समज आहे. वस्तुतः त्यांतील बऱ्याच चुकांच्या मागे मराठीची शिस्त असते. 'मी जातो' आणि 'तो जातो' या दोन्ही वाक्यांत मराठी क्रियापद एकच आहे. म्हणून 'आय गो' शिकलेला मुलगा 'ही गो' असे म्हणतो; 'ही गोज' हे त्याला अनावश्यक वाटते. मराठीत 'एक कप, दोन कप' असे म्हणतात; तेव्हा 'टू कप्स' मधील शेवटचा 'स' गळतो. खुर्ची मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून तिला तो 'शी' म्हणतो; निर्जीव वस्तूसाठी इंग्रजीत 'इट' वापरतात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

'आहे' या एका शब्दाचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. 'मी विद्यार्थी आहे', 'माझ्याकडे पेन आहे', 'पेटीत चेंडू आहे' या तिन्ही वाक्यांत मराठीचा 'आहे' एकच. इंग्रजीत मात्र 'आय ॲम अ स्टुडंट', 'आय हॅव अ पेन' आणि 'देअर इज अ बॉल इन द बॉक्स' अशा तीन निरनिराळ्या रचना होतात. 'आहे म्हणजे इज' एवढेच पाठ केलेला विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. शिक्षकाने ही तीन वाक्ये शेजारी शेजारी लिहून आठवडाभर त्यांचाच सराव घेतला, तर पुढील अनेक चुका टळतील.

वर्गातील तीन सराव

पहिला सराव शब्दक्रमाचा. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येते. तीन मुलांच्या हाती 'मी', 'आंबा', 'खातो' अशा चिठ्ठ्या देऊन त्यांना ओळीने उभे करावे. नंतर चिठ्ठ्या पालटून 'आय', 'मँगोज', 'ईट' अशा द्याव्यात आणि क्रियापदाच्या मुलाला शेवटून मध्ये आणून उभे करावे. 'आय ईट मँगोज' हे वाक्य मुलांना डोळ्यांनी दिसते. पुढे 'टेबलावर' हा शब्द घ्यावा. मराठीतील 'वर' नामाच्या मागून येतो, तर 'ऑन द टेबल' मधील 'ऑन' पुढे उभा राहतो. व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही जागेची अदलाबदल अधिक ध्यानात राहते.

दुसरा सराव प्रश्नोत्तरांचा. मराठीत 'का' हा शब्द वाक्याच्या अखेरीस जोडला की प्रश्न तयार होतो : 'तुला आंबा आवडतो का?' इंग्रजीत प्रश्नाची खूण प्रारंभीच येते : 'डू यू लाइक मँगोज?' मुलांनी जोड्या करून एकमेकांस आवडीनिवडी विचाराव्यात. 'येस, आय डू' किंवा 'नो, आय डोन्ट' एवढे उत्तर प्रारंभी पुरे. दररोज दहा मिनिटे असा सराव झाल्यास प्रत्येक मुलाच्या तोंडी रोज काही वाक्ये येतात. चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाला उभे करून विचारल्यास हे कदापि साधत नाही.

तिसरा सराव शब्दसंग्रहाचा. लहान मुलाला इंग्रजी शब्द मुळीच येत नाहीत, हे खरे नाही. बस, डॉक्टर, ट्रॅक्टर, पंप, पाइप, पेन, बॅट, कप हे शब्द तो घरी, शेतात व मैदानावर रोज ऐकतो. असे शब्द मुलांकडूनच गोळा करवून त्यांचा तक्ता वर्गात लावावा. 'तिकीट', 'बटण' यांसारख्या मराठीत रुळलेल्या शब्दांचे मूळ उच्चार त्याच वेळी सांगावेत. मग त्या शब्दांची वाक्ये करावीत. सुटा शब्द लवकर विसरतो, वाक्यात वापरलेला टिकतो. 'अ' आणि 'ॲन' यांतील भेदही अशा शब्दांवरूनच शिकवावा. तो अक्षरावर नव्हे, तर उच्चारावर अवलंबून असतो. म्हणून 'ॲन अंब्रेला', परंतु 'अ युनिफॉर्म'.

हे सर्व आधी कानांनी व तोंडाने व्हावे. वाचन आणि लेखन त्यानंतर. मुलगा 'ही गो टु स्कूल' म्हणाला, तर त्याला मध्येच तोडू नये. 'येस, ही गोज टु स्कूल' असे शिक्षकाने सहजपणे म्हणावे. चूक सुधारते आणि मुलाचा धीरही खचत नाही. गोंडी, भिली, कोरकू यांसारख्या भाषा घरी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत मराठी हीच दुसरी भाषा असते, याचे भान राखून त्यांच्या घरच्या शब्दांनाही वर्गात स्थान द्यावे.

गावाची जबाबदारी

इंग्रजी यावे म्हणून पोटाला चिमटा घेऊन मुलाला दूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठविणारे पालक आज खेडोपाडी दिसतात. त्यांची इच्छा रास्त आहे. परंतु इंग्रजी शिकणे आणि सर्व विषय इंग्रजीतून शिकणे, या भिन्न गोष्टी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. गावच्या शाळेत इंग्रजी हा विषय चांगला शिकविला गेला, तर पालकांपुढील हा पेच बराच सुटेल. आणि गावची शाळाही भरलेली राहील.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने व पंचायत सदस्यांनी केवळ इमारतीची व शौचालयाची चौकशी करून थांबू नये. चित्रमय गोष्टींची पुस्तके शाळेला मिळवून द्यावीत. बैठकीच्या दिवशी मुलांना पाच मिनिटे इंग्रजीतून बोलू द्यावे आणि त्यांच्या चुकांना कोणी हसणार नाही, हे पाहावे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही वहीतील सुवाच्य अक्षराबरोबरच मुलाच्या तोंडचे एक वाक्य ऐकावे.

ते वाक्य कदाचित चुकीचे असेल. परंतु ते त्याने स्वतः जुळविलेले असेल, तर त्या मुलाच्या इंग्रजीचा खरा आरंभ झाला, असे निःशंक समजावे.