जन्मदाती कोण? एक चाचणी व तिची मर्यादा

वाचनपाठ : १ राजे ३:१६-२८

एका बालकासाठी शलमोन राजापुढे दोन स्त्रिया उभ्या राहिल्या, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. मूळ इब्री उताऱ्याचे भाषांतर करताना एक गोष्ट ध्यानात येते. खरी आई आधी बोलणारी की नंतर बोलणारी, हे लेखक सांगत नाही. ती ओळखू येते तिच्या कळवळ्यावरून. कळवळ्यासाठी तेथे वापरलेला इब्री शब्द ‘रहमीम’ हा ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी निगडित आहे. आपणही ‘पोटचे मूल’ म्हणतो, आणि ‘पोटात तुटले’ असेही म्हणतो.

आज हा प्रश्न प्रयोगशाळेत जातो. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून स्त्रीच्या व बालकाच्या पेशी घेतात. बालकाच्या डीएनएचा अर्धा वाटा आईकडून व अर्धा पित्याकडून येतो. म्हणून तपासलेल्या प्रत्येक ठिकाणी बालकाच्या दोन खुणांपैकी एक आईच्या खुणेशी जुळावी लागते. एखादा फरक नैसर्गिक बदलामुळे असू शकतो. परंतु अनेक ठिकाणी मेळ बसला नाही, तर ती स्त्री जन्मदाती नव्हे.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात ही चाचणी दत्तविधानाचा भाग बनली. तेथे दत्तक देण्याचे व्यवहार बहुतांशी खाजगी वकील पाहत. न्यायालयाची देखरेख अल्प होती. दुसऱ्याचे मूल आपले म्हणून पुढे करणाऱ्या स्त्रियाही आढळत. म्हणून १९९८ पासून अमेरिकेने, मुलाला व्हिसा देण्यापूर्वी, ते सोपवणारी स्त्री व मूल या दोघांची चाचणी आवश्यक केली. तरीही शंका राहिली : चाचणीनंतर मूलच बदलले तर? तेव्हा ६ ऑगस्ट २००७ पासून दुसरी चाचणी आली. प्रवासापूर्वी बालकाचा नमुना पुन्हा घेऊन तो पहिल्या नमुन्याशी ताडून पाहू लागले. त्या वर्षी ४,७०० हून अधिक मुले ग्वाटेमालातून अमेरिकेत गेली. अखेर ३१ डिसेंबर २००७ रोजी तेथे नवा दत्तक कायदा अमलात आला आणि खाजगी वकिलांमार्फत नवी प्रकरणे घेणे थांबले.

चाचणी अपुरी का पडली? ‘हिने याला जन्म दिला काय?’ या प्रश्नाचे उत्तर ती देते. ‘हिने याला स्वेच्छेने दिले काय?’ हे मात्र तिला सांगता येत नाही. आई धाकाने वा पैशाच्या आमिषाने मूल देत असली, तरी अहवाल जुळणारच. शिवाय नमुना घेणाराच अप्रामाणिक असेल, तर उत्तम प्रयोगशाळाही फसते.

आपल्या देशात २०१५ च्या बाल न्याय कायद्याने, मूल सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आहे. प्रयोगशाळेला न विचारता येणारा प्रश्न ही मुदत विचारते. मुलासाठी आसुसलेल्या दांपत्याला ते दिवस जड वाटतील. तरी आपला पाळणा दोन महिने अधिक रिकामा राहिलेला बरा. दुसरीचा पाळणा तिच्या इच्छेविरुद्ध रिकामा होऊ नये. ‘कागदपत्रांची कटकट नको, मूल परस्पर मिळवून देतो,’ असे कोणी म्हणाल्यास त्याला स्पष्ट नकार द्या.

दत्तक घेतलेल्या मातापित्यांनी मात्र या चाचणीने खिन्न होऊ नये. ती रक्ताचे नाते सांगते; रात्री जागून वाढवलेल्या मुलाशी जडलेले नाते मोजण्याचे ते साधन नव्हे.

विचारासाठी प्रश्न
१. मूल आपल्या हातून जाऊ देण्यास खरी आई का तयार झाली?
२. मूल सोपवण्याचा विचार करणाऱ्या मातेला त्या दोन महिन्यांत आपली मंडळी कोणता आधार देऊ शकेल?