घरच्या आजारी, म्हाताऱ्या माणसांसाठी पेज-खिचडी: शिजवून गोठवून कशी ठेवावी



१ ऑगस्टला बंदी उठली की घराचे वेळापत्रक बदलते. ट्रॉलरवाले समुद्रात, होडीवाले पहाटेच बाहेर, आणि बायका मासळीची पाटी घेऊन बाजारात. दुपारी एक-दोनपर्यंत घरी कोण? म्हातारी आई, ऑपरेशन झालेले वडील, नाहीतर बाळंतीण. त्यांच्यासाठी पहाटे चारला पेज करायची, टोपावर झाकण ठेवायचे आणि निघायचे, हे आपल्या बऱ्याच घरांत चालते. ती पेज दुपारी बाराला पोटात जाते. म्हणजे आठ तास ओट्यावर. जुलाब-उलटी झाली तर तरण्या माणसाचा एक दिवस जातो, ऐंशीच्या म्हाताऱ्याला मात्र सलाइन लावायची पाळी येते.

मासळीच्या बाबतीत आपण अशी चूक करत नाही. जाळे वर आले की बर्फ. मोठा ढीग करून वर बर्फ टाकला तर मधली मासळी गरमच राहते, म्हणून थर लावतो: बर्फ, मासळी, बर्फ. शिजवलेल्या अन्नालाही हाच नियम आहे. ५ ते ६० अंशांच्या मध्ये अन्न जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेले पाहिजे.

भाताबद्दल जरा जास्त सांगतो. तांदळातले काही जंतू बीजासारखे कवच घेऊन उकळीतही जगतात. भात कोमट झाला की ते वाढू लागतात आणि विष सोडतात. त्यातले एक विष नंतर कितीही उकळले तरी जात नाही. त्यामुळे "परत एक उकळी काढली, झाले" ह्यावर भरवसा ठेवू नये.

म्हणून आठवड्यातून एक दिवस, बोट किनाऱ्याला असताना, मऊ जेवण थोडे जास्त करावे आणि छोट्या डब्यांत गोठवावे.

पेज: उकडे तांदूळ १ वाटी, पाणी ८ वाट्या. चुलीवर किंवा गॅसवर अगदी मंद आचेवर, दाणा बोटाने चिरडेपर्यंत. आखातातून किंवा लंडनहून नातेवाइकांनी आणलेला स्लो कुकर काही घरांत माळ्यावर पडून आहे. तो ह्या कामाला उत्तम. 'हाय' वर साधारण चार तास, ढवळावे लागत नाही, करपत नाही. भांडे अर्ध्यापेक्षा जास्त भरावे, पण काठोकाठ नको. गोठलेली वस्तू त्यात सरळ टाकू नये, गरम व्हायला फार वेळ घेते. राजमा असेल तर आधी भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा. मंद आचेवर त्यातले विष मरत नाही. कुकर लावून तुम्ही बाहेर गेलात आणि मध्ये वीज किती वेळ गेली ते कळले नाही, तर ते अन्न टाकावे.

खिचडी: तांदूळ अर्धी वाटी, मूगडाळ अर्धी वाटी, पाणी ५ वाट्या, हळद, मीठ, आले. दुधी किंवा लाल भोपळा घातला तर चालतो. बटाटा नको, गोठवून सोडला की भुसभुशीत होतो. नारळाचा रसही गोठवू नये, फाटतो. खायच्या वेळी ताजा घालावा.

मासा: आजाऱ्याला आणि बाळंतिणीला मुडदुशी द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि चांगली आहे, हलका मासा. पण मासा तासन्‌तास शिजवायचा नसतो. आले, हळद, मीठ घातलेल्या पाण्यात मंद उकळीवर दहा-बारा मिनिटे पुरे. मग काटे काढायचे, उजेडात बसून, बोटांनी चाचपून. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांच्या डब्यात एकही काटा जाऊ नये. पाणी गाळून पेजेत घालावे, मासा कुस्करून वर ठेवावा. मिक्सरमध्ये सगळे एकत्र फिरवून राखाडी लगदा करू नका. आजारी माणसालाही जिभेला चव असते आणि लगदा बघून आधीच नको म्हणतात.

बांगडा, तारली, कुपा घालणार असाल तर ते बर्फातलेच हवेत. उन्हात राहिलेल्या ह्या मासळीत जो दोष तयार होतो तो शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. चेहरा लाल होतो, गांधी उठतात, डोके दुखते, छाती धडधडते. उरलेली, न खपलेली पाटी घरच्या म्हाताऱ्यांसाठी ठेवू नये एवढेच म्हणतो.

आता थंड करणे. मोठा टोप तसाच फ्रीजमध्ये घातला तर मधला भाग कित्येक तास गरम राहतो. परातीत पाणी आणि बर्फ घ्या, त्यात टोप ठेवा आणि ढवळा. अर्ध्या तासात फरक दिसतो. बर्फ आपल्याकडे असतोच, पण लक्षात ठेवा, मासळीचा ब्लॉकचा बर्फ टोपाच्या बाहेर. पेज लवकर निवावी म्हणून तो आत टाकू नये, ते पिण्याचे पाणी नव्हे.

मग स्टीलच्या छोट्या डब्यांत भरावे, एका डब्यात एका वेळेचे. आजारी माणूस वाटीभरच खातो. मोठा डबा सोडला की उरलेले परत गोठवायचा मोह होतो. वर बोटभर जागा ठेवावी, गोठताना पेज फुगते. काचेची बरणी तडकते. चिकटपट्टीवर तारीख आणि काय आहे ते लिहावे.

ज्यांच्याकडे मासळीचा डीप फ्रीझर आहे त्यांनी तयार अन्न वरच्या क्रेटमध्ये, झाकणबंद ठेवावे. कच्च्या मासळीचे पाणी त्यावर गळता कामा नये. उणे १८ अंशांवर पेज-खिचडी महिनाभर चांगली राहते. एका दाराच्या साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी नसते, तिथले आठवड्यात संपवा.

खायच्या आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवावा, ओट्यावर नको. सकाळी थोडे गरम पाणी घालून, मधोमध बुडबुडे येईपर्यंत उकळावे. एकदाच. घरी गॅस पेटवणारे कोणी नसेल तर जाताना थर्मासमध्ये भरून ठेवावे. थर्मास आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटे तापवायचा, ते पाणी ओतून टाकायचे, मग उकळती पेज भरायची. आठ वाजेपर्यंत ती खाऊन झाली पाहिजे. दुपारपर्यंत पुरवायची नाही. दुपारच्यासाठी शेजारच्या कोणाला तरी डबा गरम करून द्यायला सांगून ठेवावे. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ आणि डाळ किती, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

राहिली वीज. पावसात तासन्‌तास जाते. भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. साध्या फ्रीजचा वरचा कप्पा त्यापेक्षा खूप कमी. तुम्ही घरी नसताना किती वेळ गेली हे कळायला एक कप पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवा आणि कप तिथेच राहू द्या. परत आल्यावर नाणे वर असेल तर ठीक. बर्फात मध्येच किंवा तळाला गेलेले दिसले, तर सगळे वितळून पुन्हा गोठले आहे. मग डबे उघडून वास घेत बसू नका, टाकून द्या.