बाळहिरडा

विद्यार्थी मित्रांनो, "तू अजून लहान आहेस, तुला काय कळते?" हे वाक्य तुम्ही घरी अनेकदा ऐकले असेल. मीही ते वर्गात कितीतरी वेळा म्हटले आहे. पण मढच्या एका मुलाने माझी ही सवय मोडली. त्याची हकिकत ऐका.

मढ हे गाव पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाच्या बाजूला आहे. जवळच पिंपळगाव जोगा धरण आहे. भोवतालच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर हे आदिवासी राहतात. हिरडा गोळा करून, वाळवून विकणे हा येथील अनेक कुटुंबांचा आधार आहे.

मे महिना होता. मी एस.टी.ची वाट पाहत होतो. एका अंगणात आठ-दहा वर्षांचा मुलगा हिरवी-काळी फळे इकडून तिकडे करत बसला होता.

"बाळ, फळांशी खेळतोस काय? एखादे पुस्तक वाच," मी म्हणालो.

तो हसला. "खेळत नाही, सर. हिरडा निवडतोय. आत बी धरण्याआधी काढतात, तो बाळहिरडा. उन्हात वाळला की काळा होतो. त्याला भाव चांगला येतो. पिकलेला मोठा, तो सुरवारी हिरडा."

मित्रांनो, उर्दूत ज्याला आपण हड म्हणतो, तोच हा हिरडा. युनानी हकीम ज्याला 'हलीला सियाह' म्हणतात, तोच बाळहिरडा. हे औषध मी लहानपणापासून पाहिले होते; पण ते कच्चे फळ असते, हे मला त्या मुलाकडून कळले.

इतक्यात तो उठला. "सर, जरा हात लावता का? पाऊस येतोय."

"अरे, ऊन केवढे पडले आहे! तुला काय कळते?"

"वारा फिरला, सर. डोंगरामागे ढगही आलाय. घरचे सगळे रानात गेलेत."

मी आकाशाकडे पाहत राहिलो. तो एकटाच पोते भरू लागला. थोड्या वेळाने मीही वाकलो. शेवटचा ढीग उरला होता, तोच पाऊस कोसळला. मी बोलण्यात जेवढा वेळ घालवला, तेवढा हिरडा भिजला. भिजलेल्या हिरड्याला बुरशी येते. तो मुलगा मला काहीच बोलला नाही. म्हणूनच मला अधिक लाज वाटली.

त्या मुलाचे ज्ञान रोजच्या कामातून आलेले होते. दुःख सोसूनही असे ज्ञान येते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी शिकत होती. ती साधारण तुमच्याच वयाची होती. तिने महार-मांगांच्या दुःखांविषयी निबंध लिहिला. ज्यांना वेद वाचण्याचाही अधिकार नाही, त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात विचारला. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तो छापला. म्हणून आज आपण तो वाचू शकतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण आजीबरोबर दवाखान्यात जातात. डॉक्टरांचे मराठी बोलणे तिला उर्दूत समजावून सांगतात. हे काम लहान नाही. तुम्हाला जे ठाऊक आहे, ते वडीलधाऱ्यांना अदबीने, पण वेळेवर सांगा. आणि तुमच्याहून लहान कोणी काही सांगू लागले, तर आधी ऐकून घ्या. नाहीतर माझ्यासारखा तुमचाही हिरडा भिजेल.

शब्दार्थ
हकिकत – घडलेली गोष्ट
भाव – किंमत
बुरशी – ओलाव्यामुळे वस्तूवर येणारा थर
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे पत्र
अदबीने – आदराने

स्वाध्याय
१. बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा यांत कोणता फरक आहे?
२. पाऊस येणार हे मुलाने कशावरून ओळखले?
३. लेखकाला अधिक लाज का वाटली?
४. तुम्हाला येणारे, पण घरच्या मोठ्यांना न येणारे एखादे काम पाच-सहा वाक्यांत लिहा.