घंटी तं वाजली, गोयी कोनती?

आपल्या यवतमाळकडे अनेक आजी-आबांच्या खिशात अजून बटनांचा साधा मोबाइलच असतो. गोळ्यांच्या आठवणीसाठी तो पुरेसा आहे. मला तर तोच बरा वाटतो. ॲप उघडायला चष्मा शोधावा लागतो, घंटी ऐकायला नाही.

पण गजर लावून दिला की पोरांना वाटतं, झालं काम. मग आजी दवाखान्यात येऊन विचारते, "घंटी तं वाजली डाक्टर, पण गोयी कोनती घ्याची?" म्हणून गजराआधी डबी आणा. सात वारांची, सकाळ-दुपार-रात्र अशा खान्यांची डबी औषधाच्या दुकानात मिळते. घरातल्या वाचता येणाऱ्याने डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून ती दर रविवारी भरावी. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या घरात सापडतात, आणि म्हातारा माणूस दोन्ही घेतो! हा घोळ डबी भरतानाच लक्षात येतो. काही गोळ्या पट्टीतून काढायच्या नसतात, त्या कोणत्या ते दुकानदाराला विचारून घ्या. आणि उन्हाळ्यात डबी टिनाखाली तापत ठेवू नका.

गजर जेवणाच्या वेळेवर बांधा. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, मधुमेहाची मेटफॉर्मिन जेवणासोबत. मधुमेहाचीच ग्लिमेपिराइड घेतली आणि जेवण राहिलं, तर साखर उतरून घाम सुटतो, घेरी येते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे सकाळीच वावरात जातात, मागे म्हाताऱ्यांचं जेवण पुढे-मागे होतं. त्या दिवसांपुरते गजर बदला.

क्षयरोगाच्या उपचारात '९९डॉट्स' नावाची पद्धत वापरली गेली. गोळी काढली की पाकिटात लपलेला नंबर दिसायचा, त्यावर रुग्णाने फुकटचा मिस्ड कॉल द्यायचा. हीच युक्ती घरी करा. गोळी घेतली की आबांनी पुण्यातल्या मुलाला मिस्ड कॉल द्यावा; नाही आला, तर मुलाने फोन लावावा. अर्थात गोळी न घेताही मिस्ड कॉल देता येतो, आणि काही आबा तेवढे बिलंदर असतात. रविवारी डबीचे खाने बघाच.

गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

संधिवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. तिचा गजर फक्त ठरलेल्या वारी लावा, गोळी डबीत न ठेवता घरच्या एकाच माणसाच्या हातून द्या. चुकून रोज घेतली गेली असेल, तर त्रास होवो न होवो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.